न दुखणारी लाली

गोडादऱ्यात माझं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक जळगाव, धुळे, नंदुरबारकडून येऊन सुरतेत स्थिरावलेलं. लूमवर पाळी करणारे, घरी साड्यांना टिकल्या लावणाऱ्या बाया. डोळा लाल झाला की, "भाऊ, एखादा ड्रॉप सांगा ना." मी सांगत नाही.

डोळे आले तर चिकटतात, टोचतात आणि काही दिवसांत बरे होतात. पण बुबुळाच्या बाजूला किंवा पापणीच्या आत गुलाबी, मऊ उंचवटा आला, तो दुखत नाही आणि हटतही नाही, तर शंका घ्यावी. तो लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कर्करोग असू शकतो. डोळ्याभोवती होणारा बहुधा संथ वाढतो आणि उतारवयात जास्त आढळतो.

२००४ साली इटलीत आंद्रेस फेरेरी आणि सहकाऱ्यांनी अशा ४० गाठी तपासल्या. ३२ गाठींत क्लॅमिडिया सिटासी या जंतूचा डीएनए मिळाला. हा पोपट-कबुतरांत आढळणारा जंतू. वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसाच्या फुफ्फुसात गेला तर न्यूमोनिया होतो. तो डोळ्यात ठाण मांडून बसला, तर त्याच्याशी लढायला लिम्फोसाइट जमतात, वर्षानुवर्षं वाढत राहतात आणि त्यांतलीच एखादी पेशी बेलगाम होते, असा तर्क आहे. जठराच्या अशाच लिम्फोमात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू मारल्यावर गाठ ओसरते, हे १९९३ मध्ये दिसलं होतं.

डोळ्याच्या गाठींवरही डॉक्सीसायक्लिन हे जंतू मारणारं औषध देऊन पाहिलं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६५ टक्के रुग्णांची गाठ कमी झाली किंवा पूर्ण गेली. मात्र जंतू सगळीकडे सारखा सापडत नाही. २००६ च्या एका अभ्यासात जर्मनीतल्या ४७ टक्के गाठींत तो होता, ब्रिटनमधल्या फक्त १२ टक्क्यांत. आणि जंतू न सापडलेल्या काही रुग्णांनाही औषधानं गुण आला! म्हणून एका जंतूवर सगळा दोष ठेवता येत नाही.

कबुतरांना ज्वारी टाकणाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही. विष्ठा मात्र कोरडी झाडू नये, पाणी शिंपडून पुसावी.

मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब आणून घालू नका. त्यांनी गाठ काही काळ दबते आणि निदान लांबतं. डॉक्सीसायक्लिनही मनानं घेऊ नका. दोन-तीन आठवड्यांत लाली गेली नाही, तर सिव्हिल किंवा स्मीमेर रुग्णालयात डोळे दाखवा आणि डॉक्टर बायोप्सी म्हणाले तर टाळू नका. हा आजार वेळेत कळला, तर थोड्या रेडिएशननंही बहुधा आटोक्यात येतो.