नैसर्गिक संकटे : संज्ञा आणि भेद

अवर्षण आणि दुष्काळ हे दोन शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी सर्रास येतात. परंतु नैसर्गिक संकटांच्या विचाराचे मर्म त्यांच्यातील अंतरातच आहे. अवर्षण म्हणजे पाऊस न पडणे. ती आकाशाची अवस्था होय. दुष्काळ म्हणजे वाईट काळ. तो माणसांवर येतो. ‘दुर्भिक्ष’ हा शब्द तर याहून स्पष्ट आहे : जेव्हा भिक्षाही मिळणे कठीण, तो काळ. निसर्गातील घटना निराळी आणि तिच्यामुळे समाजावर ओढवणारी आपत्ती निराळी. बाधित समाजाच्या तोंड देण्याच्या शक्तीपलीकडे जाणे, हे आपत्तीचे एक लक्षण २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमानेही मानले आहे. निर्जन डोंगरावर कोसळलेली दरड ही केवळ घटना. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर कोसळली, ती आपत्ती.

कौटिल्याने आठ दैवी महाभये सांगितली आहेत : अग्नी, उदक, व्याधी, दुर्भिक्ष, उंदीर, श्वापदे, सर्प आणि राक्षस. त्यांत भूकंप नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आधुनिक शास्त्र संकटांची विभागणी उगमावरून करते : भूगर्भातील, वातावरणातील, जलजन्य, जैविक. व्यवहारात मात्र काळाचा भेद अधिक महत्त्वाचा ठरतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप काही सेकंदांत होऊन गेला, आणि तोही ज्या प्रदेशाची गणना तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होत असे तेथे. उलट, अवर्षण नेमके कोणत्या दिवशी सुरू झाले हे कोणासही सांगता येत नाही. पूर या दोहोंच्या मधला. त्यास वाट असते, म्हणून पूर्वसूचनेस अवकाश असतो.

भंडारा जिल्ह्यात ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आलेला वैनगंगेचा महापूर या दृष्टीने अभ्यसनीय आहे. नदीचा उगम मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात. तेथील पाणलोटात मुसळधार पाऊस झाला, संजय सरोवरातून पाणी सोडावे लागले, आणि भंडारा शहरासह काठची गावे जलमय झाली. खाली गोसीखुर्दचे तेहतीसही दरवाजे उघडण्यात आले. महसुली परिभाषेत चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे अतिवृष्टी. परंतु अतिवृष्टी एका राज्यात आणि पूर दुसऱ्या राज्यात, असे घडू शकते. केवळ गावचे पर्जन्यमापक पाहणाऱ्यास असा पूर आधी दिसणारच नाही. त्याची सूचना नदीच्या वरच्या अंगाकडूनच यावयास हवी, आणि तीही पाण्याच्या आधी.

याच जिल्ह्यात कोहळी समाजाने बांधलेले जुने तलाव आहेत. माजी मालगुजारी म्हणून त्यांस ‘मामा तलाव’ म्हणतात. धानाला पावसाच्या खंडात पाणी मिळावे, हा त्यांचा हेतू. तलाव गाळाने भरला की साठवण घटते, आणि अवर्षण लवकर दुष्काळात परिणत होते. सांडवा बुजला आणि पाळ फुटली, तर तेच पाणी खालच्या बांध्यांत पूर होऊन शिरते.