‘सैराट’च्या गाण्यांवर संशोधन करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

“दादा, सैराटच्या गाण्यांवर पीएच.डी. होईल का?” पेटची तयारी करणारी पोरं हा प्रश्न अर्धा गमतीत विचारतात, अर्धा मनापासून. उत्तर आहे, होईल. पण ‘सैराटची गाणी’ हा विषय नाही, ती नुसती वस्तू आहे. त्या वस्तूबद्दल असा प्रश्न विचारला की ज्याचं तयार उत्तर आज कुणाकडेच नाही, तेव्हा तिचा विषय होतो. सिनॉप्सिस परत येतात त्या बहुतेक इथंच अडकून. शीर्षकात ‘एक चिकित्सक अभ्यास’ असतं, पण चिकित्सा कशाची ते आतल्या वीस पानांत कुठं सापडत नाही.

म्हणून आज हेच उदाहरण घेऊन प्रश्न कसा तयार होतो ते बघू. साहित्य, समाजशास्त्र, माध्यमशास्त्र, कुठल्याही शाखेचे असा, पद्धत तीच लागेल.

आधी वस्तू बघू. चित्रपट लागला २९ एप्रिल २०१६ ला. दिग्दर्शक नागराज मंजुळे, संगीत अजय-अतुल. गाणी फक्त चार: ‘याड लागलं’, ‘आताच बया का बावरलं’, ‘सैराट झालं जी’ आणि ‘झिंगाट’. या चार गाण्यांत एकमेकांशी सहसा न बोलणारी संगीतं एका ताटात वाढलेली आहेत. पाश्चात्त्य सिंफनी ऑर्केस्ट्रा आहे, गावाकडचा नाचाचा ठेका आहे, आणि भाषा करमाळ्याकडची, सोलापुरी. ‘सैराट झालं जी’ या नावातला ‘जी’ तर थेट शाहिरी आणि तमाशाच्या झीलमधून आलेला. अशी सरमिसळ ते आधीपासून करत होते. २००१ मधल्या त्यांच्या ‘विश्वविनायक’ अल्बममध्ये गणपतीच्या स्तोत्रांना त्यांनी मोठ्या वाद्यवृंदाची जोड दिली होती. दक्षिणेत इलयाराजांनी १९८६ च्या ‘हाऊ टू नेम इट?’मध्ये कर्नाटक संगीत आणि बाख एकत्र आणला होता, आणि अजय-अतुल त्यांना आदर्श मानतात हे त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितलंय. तेव्हा ‘सैराटनं पहिल्यांदाच संगीतप्रकारांची सरमिसळ केली’ असं वाक्य सिनॉप्सिसमध्ये दिसलं तर खोडा. ‘पहिल्यांदाच’ हा शब्द संशोधनात फार महाग पडतो.

आता निर्मितीकडे येऊ. ‘सैराट’बद्दल सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट म्हणजे ऑर्केस्ट्रा हॉलिवूडमध्ये रेकॉर्ड झाला. ती खरी आहे. कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीत सोनीचं स्कोअरिंग स्टेज आहे, पूर्वी ते एमजीएमचं होतं. ‘विझार्ड ऑफ ऑझ’चं संगीत तिथंच वाजलं. तिथं साठहून अधिक वादक बसवून हे काम झालं. पण बातमी इथं थांबते, आणि संशोधकाचं काम इथून पुढं सुरू होतं. ते काम चालतं कसं?

अशा ठिकाणी संगीतकाराच्या डोक्यातली चाल आधी कीबोर्ड आणि कॉम्प्युटरवर कच्ची बांधली जाते. मग ती स्टाफ नोटेशनमध्ये उतरवतात आणि प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा तयार होतो. वादक घरून सराव करून येत नाहीत. समोरचा कागद पहिल्यांदाच बघतात, कानातल्या हेडफोनमध्ये ठोके ऐकतात आणि वाजवतात. एका बैठकीला किती तास, वादकाला किती मानधन, हे तिथल्या युनियनच्या नियमांनी ठरलेलं असतं. व्हायोलिन वाजवणाऱ्याला ‘याड’ म्हणजे काय हे कळायची गरजच नसते.

आणि इकडे? मराठी गाण्यात ढोलकी, हलगी, ताशा वाजवणारा माणूस बहुतेक वेळा कागदाशिवाय वाजवतो. त्याला चाल ऐकवतात, ‘इथं उचल, इथं सोड’ एवढं सांगतात, बाकी त्याच्या हातात असतं. ठेक्याची वळणं, भरणा, मध्येच दिलेला झटका हे पुष्कळदा त्याचं स्वतःचं असतं. रेकॉर्डिंग संपलं की त्याच्या कामाचा एकही कागद उरत नाही.

माझ्या मते खरा प्रश्न इथं आहे. एकाच गाण्यातल्या दोन वादकांपैकी एकाच्या मागे नोटेशन, करार, मानधनाची नोंद, स्टुडिओचे फोटो असा सगळा पुरावा उरतो. दुसऱ्याच्या मागे उरतो फक्त आवाज. दहा वर्षांनी आपण ‘निर्मितीप्रक्रिया’ लिहायला बसतो तेव्हा कागद जिथं आहे तिथंच लिहितो. मग प्रबंधात हॉलिवूडला चाळीस पानं आणि ठेका धरणाऱ्याला एक परिच्छेद. यात आपली लबाडी नसते, पुराव्याचाच कल तसा असतो. पण तो कल ओळखला नाही तर आपण जाहिरातीचंच प्रकरण पुन्हा लिहून काढतो.

जळगावच्या आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्या बहिणाबाईंचंच बघा ना. त्यांना लिहिता येत नव्हतं. त्या म्हणायच्या ते मुलानं, सोपानदेवांनी आणि घरच्यांनी उतरवून घेतलं, म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं. उतरवलं नसतं तर आज अभ्यासक्रमात काय असतं?

हा धागा पुढं न्यायचा असेल तर दोन पुस्तकं वाचाच. हॉवर्ड बेकर यांचं ‘आर्ट वर्ल्ड्स’ (१९८२) सांगतं की कलाकृती एकट्या कलावंताची नसते, ज्यांची नावं पाटीवर येत नाहीत अशा असंख्य हातांची असते. दुसरं ग्रेगरी बूथ यांचं ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८). मुंबईच्या फिल्म स्टुडिओंतल्या वादकांच्या मुलाखतींवर ते उभं आहे. गोव्याच्या चर्चशाळांत नोटेशन शिकलेले वादक आणि अरेंजर हिंदी सिनेमाचं संगीत कागदावर कसं उतरवायचे, हे त्यातून कळतं. म्हणजे कागदवाला वादक आणि बिनकागदाचा वादक ही जोडी आपल्याकडे जुनीच आहे. ‘सैराट’मध्ये त्यांच्यात फक्त एक समुद्र जास्त आला.

गंमत अशी की याच बूथ यांनी आधी, २००५ मध्ये, ‘ब्रास बाजा’ लिहिलं होतं, लग्नातल्या बँडवाल्यांवर. एकाच अभ्यासकाची दोन पुस्तकं, एक गाणं बनतं त्या टोकाचं, दुसरं गाणं पोचतं त्या टोकाचं. आपणही आता त्या दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे स्वीकाराकडे जाऊ. आणि त्यासाठी नरडाण्याला येऊ.

नरडाणा म्हणजे शिंदखेडा तालुक्यातलं, सुरत-भुसावळ रेल्वेवरचं स्टेशन, मुंबई-आग्रा महामार्गाचं गाव, शेजारी एमआयडीसी. घरात अहिराणी. ‘आहे’ला ‘शे’ म्हणणाऱ्या लोकांत सोलापुरी बोलीतलं गाणं आलं आणि कुणालाही अर्थ विचारावा लागला नाही. का लागला नाही, हा भाषाविज्ञानवाल्यांसाठी आयता विषय पडलाय, मी पुढं जातो.

स्वीकार मोजायचा म्हटलं की बहुतेक जण यूट्यूब उघडतात आणि कोटींचा आकडा लिहितात. थांबा. गाणी चित्रपटाच्या काही आठवडे आधी आली, म्हणजे २०१६ च्या उन्हाळ्यात. जिओ सुरू झालं ५ सप्टेंबर २०१६ ला. म्हणजे ‘झिंगाट’चा पहिला, सगळ्यात जोराचा हंगाम हा स्वस्त डेटाच्या आधीचा आहे. तेव्हा गावात गाणं फिरलं ते मेमरी कार्डातून, ब्लूटूथवरून, मोबाईल रिचार्जच्या दुकानात दहा-वीस रुपयांत ‘गाणी भरून’ घेऊन. यातलं काहीच यूट्यूबच्या आकड्यात नाही. आज दिसणारा आकडा नंतरच्या सगळ्या वर्षांची बेरीज आहे. तो कुठून आला, कधी आला, काही सांगत नाही. पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) मध्ये उत्तर भारतातल्या कॅसेटचं जे केलं, ते मेमरी कार्डाचं करायला हवं. आणि लवकर करायला हवं, कारण ती दुकानं आता कव्हर आणि चार्जर विकतात.

दुसरी गोष्ट काळाची. गाणी आधी, पिक्चर नंतर. म्हणजे पहिल्यांदा ‘झिंगाट’वर नाचणाऱ्या माणसाला आर्ची आणि परश्याचं शेवटी काय होतं हे माहीतच नव्हतं. ‘जातीय हिंसेवरच्या सिनेमाच्या गाण्यावर लोक बेभान नाचले, म्हणजे त्यांना सिनेमा कळलाच नाही’ ही टीका तुम्ही ऐकली असेल. तिच्यात तथ्य असेलही, पण आधी तारीख लावा. २९ एप्रिलच्या आधीचा नाच आणि नंतरचा नाच हा एकच पुरावा नाही. शेवट बघून आलेला माणूस पुढच्या हळदीत त्याच गाण्यावर कसा नाचला, नाचला का, हा प्रश्न मला कुणी नीट विचारलेला दिसला नाही.

आता म्हणाल, दहा वर्षांपूर्वीची तारीख कोण लक्षात ठेवतं? कुणीच नाही. पण खान्देशात एक सोय आहे. २०१६ ची आखाजी ९ मे ला होती, चित्रपट लागल्यानंतर दहा दिवसांनी. ‘एप्रिलात की मे मध्ये?’ असं विचारलं तर माणूस डोकं खाजवतो. ‘आखाजीला पोरी माहेरी आल्या तेव्हा हे गाणं वाजत होतं का? पिक्चर तेव्हा बघून झाला होता का?’ असं विचारलं की घरातल्या दोन-तीन बायका मिळून उत्तर देतात, आणि एकमेकींना दुरुस्तही करतात. मौखिक इतिहासात कॅलेंडर चालत नाही, सण चालतो. प्रश्नावली करताना हे मनावर घ्या.

तिसरी गोष्ट बँडची. कल्व्हर सिटीत साठ वादकांनी जे कागद बघून वाजवलं, ते वरातीत क्लॅरनेट, ट्रम्पेट आणि गाडीवरच्या कीबोर्डनं ऐकून वाजवलं. व्हायोलिनचा तो सगळा थवा गेला कुठं? काही कीबोर्डवर आला, काही क्लॅरनेटनं उचलला, काही सरळ गाळला. काय ठेवलं आणि काय गाळलं हाच तुमचा डेटा. बँडमास्तरला ‘तुम्हाला गाणं कसं वाटलं’ असं विचारू नका, ‘छान’ असं उत्तर येईल आणि मुलाखत संपेल. ‘सुरुवातीचा भाग तुमच्याकडे कोण वाजवतो?’ असं विचारा. तो वाजवून दाखवेल.

इथंच जातीचा प्रश्न पुन्हा वर येतो, सिनेमात होता त्यापेक्षा वेगळ्या बाजूनं. आपल्याकडे वाजवणारे कोण आणि नाचणारे कोण, हे फार क्वचित एकच असतात. हलगी, डफ ही वाद्यं कुणाच्या गळ्यात पडली याला इतिहास आहे. ‘फँड्री’तला जब्या झालेला सोमनाथ अवघडे मुळात हलगी वाजवणारा पोरगा होता, हे मंजुळेंच्या निवडीतून विसरता येत नाही. आंतरजातीय प्रेमाच्या सिनेमाचं गाणं वाजवणारा बँडवाला त्या मांडवात जेवायला कुठं बसला? हा प्रश्न कुठल्याच समीक्षेत नाही. संगीताच्या प्रबंधात बसतो का? माझ्या मते त्याच्याशिवाय प्रबंध अपुरा राहतो. गाइडना मात्र तो आधीच सांगून ठेवा, तोंडी परीक्षेत पहिल्यांदा नको.

रिमेकचं प्रकरण मी थोडक्यात ठेवीन. २०१७ मध्ये कन्नडमध्ये ‘मनसु मल्लिगे’ आला, २०१८ मध्ये हिंदीत ‘धडक’. ‘धडक’मध्ये अमिताभ भट्टाचार्य यांनी शब्द नवे लिहिले, कथा उदयपूरला गेली, ‘झिंगाट’ नाव आणि चाल तशीच राहिली. चाल प्रवास करते, बोली मागे राहते, हे ‘कोंबडी पळाली’ची ‘चिकनी चमेली’ झाली तेव्हाच दिसलं होतं. यावर लेख पुष्कळ आहेत, भर घालायला जागा कमी.

तुलनेसाठी मी त्याऐवजी जवळचं उदाहरण घेईन. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ २०२४ मध्ये देशभर वाजलं, तेही मागे चित्रपट नसताना. त्याचा जवळजवळ सगळा स्वीकार रील्समध्ये आहे, म्हणजे नोंद भरपूर. ‘झिंगाट’चा पहिला उन्हाळा मात्र माणसांच्या डोक्यात आहे. आठ वर्षांत पुरावा कुठून कुठं सरकला, यावर एक स्वतंत्र प्रकरण सहज होईल.

तर शीर्षक कसं लिहाल? ‘सैराटच्या संगीताचा चिकित्सक अभ्यास’ हे नको. ‘शिंदखेडा तालुक्यातील बँड वादक आणि सैराटची गाणी: २०१६ ते २०१९’ असं काहीतरी लिहा. लहान वाटेल, पण समितीनं काहीही विचारलं तरी उत्तर देता येईल.

आणि मुलाखती लग्नसराईत लावू नका. वादकाला वेळ नसतो, आणि असला तरी ओठ सुजलेले असतात. आषाढ लागला की जा, गणपतीचे दहा दिवस सोडा, पितृपक्षात तर घरीच सापडतात. तुळशीचं लग्न लागलं की पुन्हा कुणी भेटायचं नाही. जाताना रेकॉर्डर, संमतीपत्र आणि स्वतःची बॅटरी न्या. संमतीपत्र अहिराणीत वाचून दाखवा, सही नंतर घ्या.