सनसेट पॉइंटला सकाळी जा

कामोठ्याहून डोंगराकडे : भाग 6

मागच्या भागात समोच्च रेषा वाचायला शिकलो. आता त्या कामाला लावू. नकाशा माथेरानचाच घ्यायचा, कारण सरळ रेषेत ते कामोठ्याच्या पूर्वेला वीसेक किलोमीटरवर आहे. गाडीने चौक, कर्जत, नेरळ असा वळसा पडतो आणि अंतर दुपटीच्या पुढे जातं, ती गोष्ट वेगळी.

नवखा माणूस आधी विचारतो, सगळ्यात उंच जागा कुठली? माथेरानात या प्रश्नाचा काही उपयोग नाही. माथा 800 मीटरच्या आसपास उंच, पण बराचसा सपाट आणि त्यावर दाट रान. मधोमध उभं राहिलात तर तांबडी माती, झाडं, हॉटेलांच्या पाट्या आणि पिशवीवर डोळा ठेवून बसलेली माकडं, एवढंच दिसणार. देखावा कड्यावर असतो, आणि कड्यावरही सगळीकडे नाही. नकाशात समोच्च रेषा जिथे एकमेकींना चिकटल्या आहेत तिथे कडा, आणि चिकटलेल्या रेषांचं टोक बाहेर आलेलं असेल तिथे डोंगराची सोंड. सोंडेच्या टोकावर तीन बाजू उघड्या मिळतात. उत्तरेला पॅनोरमा, पूर्वेला गार्बट, पश्चिमेला लुईझा, दक्षिणेला वन ट्री हिल: बोट ठेवून बघा, सगळे असेच टोकांवर बसलेत. 1850 मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौकच्या बाजूने वर चढले आणि पुढे या टोकांना इंग्रजी नावं पडत गेली. ठाकर, धनगर, कातकरी त्याआधीपासून या डोंगरात वावरत होतेच.

जागा सापडली की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं उन्हाचं, आणि तिथेच बहुतेकांची सहल फसते. घोडेवाला सांगतो तो ‘सात पॉइंट’चा फेरा त्याच्या सोयीचा असतो, त्यात त्याचा दोष नाही, पण सूर्य कुठे आहे याचा हिशेब त्यात नसतो. हिशेब सोपा आहे. ऊन पाठीवर आणि तेही तिरपं हवं. लुईझा पॉइंटवर सकाळी नऊच्या सुमारास उभे राहा. सूर्य मागे असतो, समोर प्रबळगडाचे पूर्वेकडचे कडे उजळलेले असतात आणि कातळाचे थर एकावर एक रचलेले वेगवेगळे दिसतात. दुपारी बाराला तोच डोंगर सपाट वाटतो, कारण सावल्याच उरत नाहीत. संध्याकाळी सूर्य समोर आला की प्रबळ म्हणजे नुसता काळा आकार. गार्बटला याच्या उलट: दुपारी चारनंतर जा, म्हणजे खालचं उल्हास नदीचं खोरं आणि पलीकडची भीमाशंकरची रांग उन्हात येते.

म्हणून माझा सल्ला जरा उफराटा वाटेल. सनसेट पॉइंटला सकाळी जा. गर्दी नसते आणि गाढी नदीचं खोरं स्वच्छ दिसतं. हीच गाढी पुढे पनवेलवरून आपल्या खाडीला मिळते. मावळतीचा सूर्यच बघायचा असेल तर संध्याकाळी जरूर जा, पण महिना बघून. आपल्या अक्षांशावर सूर्य नेमका पश्चिमेला मावळतो तो मार्च आणि सप्टेंबरातल्या विषुवदिनांच्या आसपास. डिसेंबरात तो सुमारे 25 अंश डावीकडे, म्हणजे प्रबळगडाच्या अंगाला सरकतो. मेअखेरीस जवळजवळ तेवढाच उजवीकडे. फोटोत प्रबळमागे बुडणारा सूर्य हवा असेल तर मे महिन्यात तिथे तासभर बसून काही हाती लागणार नाही.

आता हवा. 800 मीटरवरून क्षितिज हिशेबाने 100 किलोमीटरवर असतं, पण धुरकटपणा त्याआधीच पडदा टाकतो. याची चाचणी घरबसल्या होते. निघायच्या आदल्या संध्याकाळी इमारतीच्या गच्चीवर जा आणि पूर्वेकडे, किंचित उजवीकडे बघा. प्रबळगड आणि त्याच्या डावीकडचा कलावंतिणीचा सुळका यांच्यामधली खाच स्पष्ट दिसली तर बॅग भरा. दोन्ही मिळून एकच करडा ढिगारा दिसत असेल तर एखादा आठवडा थांबा. पाऊस सरल्यावरचे ऑक्टोबरातले दिवस यासाठी उत्तम. थंडीतल्या सकाळी बऱ्याचदा दगा देतात.

वन ट्री हिलला मात्र वेळ राखून जा. खाली मोरबे धरणाचं पाणी, त्याच्या बाजूला इर्शाळगड. त्याच गडाच्या कुशीतली इर्शाळवाडी 19 जुलै 2023 च्या रात्री दरडीखाली गेली. पावसाळ्यात कड्याच्या धारेवरची माती भुसभुशीत असते आणि दगडांवर शेवाळ चढलेलं असतं. कठडा असेल तिथे कठड्याच्या आत, नसेल तिथे कड्यापासून चार पावलं मागे. सेल्फीसाठी हा नियम बदलत नाही.

गाड्या दस्तुरी नाक्यालाच थांबतात, पुढे पायी, घोड्यावर किंवा अमन लॉजहून छोट्या गाडीने. पुढच्या आठवड्यात नेरळचा वळसा टाळून नेरे, धोदाणीमार्गे पायी थेट सनसेट पॉइंटला चढू. नकाशा जपून ठेवा, त्या वाटेवर तो पुन्हा लागणार आहे.