एकच भिंत, दोन उलट सल्ले

मुंबई-अहमदाबाद महामार्ग चारोटी नाक्यावर सोडून जव्हारच्या रस्त्याला लागलं, की थोड्याच वेळात कासा येतं. आजूबाजूच्या पाड्यांवर अजूनही कुडाची घरं दिसतात. कारवीच्या काड्या, त्यावर शेणमातीचं लिंपण, वर गेरू आणि गेरूवर तांदळाच्या पिठाने काढलेली वारली चित्रं. लग्नघरात सवाशिणी अशाच भिंतीवर देवचौक काढतात. आत उजेड बेताचाच. फोटोग्राफरची परीक्षा घ्यायला याहून चांगली भिंत शोधून सापडायची नाही.

या भिंतीसमोर एक रोलवाला आणि एक डिजिटलवाला शेजारीशेजारी उभे करा. पहिला सांगेल, "उजेड जरा जास्तच घे." दुसरा सांगेल, "छे, कमीच घे." दोघं एकमेकांचं काम मानतात, एकमेकांचे प्रिंट हातात घेऊन बारकाईने बघतात, तरी इथे त्यांचं जमत नाही. आणि नवल असं, की दोघंही बरोबर असतात!

रोलवर चांदीच्या क्षारांचे बारीक स्फटिक असतात. प्रकाश पडला की एखाद्या स्फटिकावर चांदीचे मोजून चारेक अणू सुटे होऊन एकत्र येतात. तेवढे पुरतात. पुढे डेव्हलपर हे रसायन त्या चार अणूंच्या आधाराने अख्ख्या स्फटिकाची चांदी करतो, म्हणजे जवळजवळ अब्जपट वाढ. तोवर चित्र असतं, पण दिसत नाही. किती काळ टिकतं हे? 1897 मध्ये सालोमन आंद्रे हा स्वीडिश माणूस दोन सोबत्यांसह बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाला. तिघेही परतले नाहीत. 1930 मध्ये एका बर्फाळ बेटावर त्यांच्या अवशेषांबरोबर फिल्म सापडली. 33 वर्षं गोठलेली ती फिल्म डेव्हलप केली, तर 93 चित्रं निघाली!

पण चार अणूही जमले नाहीत, तर त्या जागी काहीच उमटत नाही. म्हणून रोलवाला अंधाराला भितो. जास्तीचा उजेड निगेटिव्ह बराच पचवते. अंधारात हरवलेला गेरू मात्र कोणत्याही डार्करूममध्ये परत मिळत नाही.

सेन्सरचं नेमकं उलट. त्याचा एकेक पिक्सेल म्हणजे पावसात ठेवलेली घागर. प्रकाश पडला की सिलिकॉनमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि घागरीत साठतात. किती साठले ते मोजलं की झालं चित्र. घागर भरली की पुढचं सगळं सांडतं आणि तिथे निव्वळ कोरा पांढरा उरतो. पिठाच्या रेघेवरचा बोटाचा थरथराट, काडीच्या ब्रशचा खरखरीतपणा, सगळं जातं. अंधारातलं मात्र रॉ फाइलमधून पुष्कळ वर काढता येतं, थोडे दाणे दिसतात इतकंच. म्हणून डिजिटलवाला उजेडाला भितो.

रंगाची गंमत तर आणखी निराळी. साधा सेन्सर स्वतः रंगांधळा असतो. कोडॅकच्या ब्राइस बायरने 1976 मध्ये पेटंट घेतलेल्या युक्तीप्रमाणे प्रत्येक पिक्सेलवर एकाच रंगाची काच बसते: अर्ध्यांवर हिरवी, पाव भागावर लाल, पाव भागावर निळी. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून हिशेबाने भरले जातात. गेरू परत पाठवतो तो मुख्यतः लाल प्रकाश. म्हणजे कासाच्या भिंतीसमोर खरी मेहनत पाव सेन्सरच करतो! जुन्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तर लाल दिसायचाच नाही. तिच्यावर हाच गेरू जवळपास काळा उतरतो आणि पांढरी चित्रं लखलखून उठतात. डोळ्यांना दिसते ती भिंत यातल्या कुणालाच जशीच्या तशी मिळत नाही.

त्यामुळे "रोल खोटं बोलत नाही" हा दावा मला पटत नाही. मुंबईतल्या विल्यम जॉन्सनने 1863 आणि 1866 मध्ये इथल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. त्यात माणसं एका निगेटिव्हमधली आणि मागचा देखावा दुसरीतलाच, अशी जोडकामं आहेत. संगणक जन्माला यायच्या कितीतरी आधी!

मोठ्या छायाचित्रकारांनीही हा तिढा आपापल्या परीने सोडवला. रघु राय यांनी 2003 च्या सुमारास डिजिटल कॅमेरा हाती घेतला आणि ते रोलकडे परत वळले नाहीत. सेबास्तियाओ साल्गादो 2008 मध्ये डिजिटलकडे आले, कारण विमानतळांवरच्या क्ष-किरणांनी रोल खराब होत होते. पण निवड करताना कागदावरचे कॉन्टॅक्ट शीट आणि भिंग त्यांनी सोडलं नाही.

माझं मत विचाराल तर, चैत्र पौर्णिमेला मध्यरात्री याच भागातल्या विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या डोंगरावर ध्वज चढतो, तिथे डिजिटलच न्यावा. 400 आयएसओच्या रोलच्या मानाने 6400 वर लावलेल्या कॅमेऱ्याला सोळावा हिस्सा उजेड पुरतो. दिवसा, दारातून तिरपा उजेड आत येत असताना भिंतीसाठी मात्र मी रोल घेईन.

तुमच्याकडे दोन्ही नसलं तरी हरकत नाही. घरातल्या बाईंना आधी विचारा आणि मोबाइल भिंतीसमोर धरा. पडद्यावर गेरूला बोट लावा, मग पांढऱ्या रेघेला लावा. दोन्ही वेळा चित्राचा उजेड कसा बदलतो ते पाहा, आणि मग ठरवा तुम्ही कुणाच्या बाजूचे.