किती आवळायचं?

23 मे 2021 रोजी मोनॅकोच्या फॉर्म्युला वन शर्यतीत दुसऱ्या क्रमांकावर धावणारा वाल्टेरी बोटास टायर बदलायला थांबला आणि त्याची शर्यत तिथेच संपली. या गाड्यांचं चाक एकाच मोठ्या नटावर बसलेलं असतं. पुढच्या उजव्या चाकाच्या नटावर एअर गन जराशी तिरकी बसली. गनच्या ताकदीपुढे नट फिरण्याऐवजी त्याचे कंगोरेच तासले गेले आणि पकडायला काही उरलं नाही. ते चाक अखेर इंग्लंडमधल्या ब्रॅकलीला त्याच्या संघाच्या कारखान्यात 43 तासांनी निघालं. पुढे ऑक्टोबर 2023 मध्ये कतारच्या शर्यतीत मॅकलारेनच्या चमूने चारही चाकं 1.80 सेकंदांत बदलून विक्रम केला. दोन्हीकडे नट एकच, हत्यारही त्याच जातीचं.

नट-बोल्टाच्या जगात जोराची वानवा कधीच नव्हती. पान्यात पाइप घातला की हवा तेवढा जोर मिळतो. अवघड असतं ते कुठे थांबायचं हे कळणं. गेल्या पावणेदोनशे वर्षांत या साध्या दिसणाऱ्या वस्तूवर जेवढी बुद्धी खर्च झाली, तिचा मोठा भाग याच एका प्रश्नावर झाला आहे.

बोल्ट आवळणं म्हणजे बोल्ट ताणणं, ही गोष्ट वर्कशॉपमध्ये वर्षानुवर्षं काम केलेल्यांनाही अनेकदा कोणी सांगितलेली नसते. नट फिरतो, आट्यांच्या उतारावरून पुढे सरकतो आणि बोल्टाला लांबवतो. लांबलेला बोल्ट मूळ लांबीवर यायला धडपडतो आणि त्या धडपडीतच दोन तुकडे एकमेकांवर दाबले जातात. 16 मिलिमीटर जाडीचा, 8.8 दर्जाचा बोल्ट नीट आवळला तर तो सुमारे सात टनांचा दाब देतो. त्याची ताणलेली लांबी 10 सेंटिमीटर असेल, तर तो वाढतो फार तर पाव मिलिमीटरभर. डोळ्यांना काहीच दिसत नाही. डोक्यावर कोरलेल्या 8.8 या आकड्यांतही त्याची सगळी कुंडली असते. पहिला 8 सांगतो की तुटेपर्यंत तो दर चौरस मिलिमीटरला 800 न्यूटन ओढ सोसतो, आणि पुढचा .8 सांगतो की त्याच्या 80 टक्क्यांवर, म्हणजे 640 न्यूटनला, तो कायमचा लांबायला लागतो. 10.9 आणि 12.9 याच पद्धतीने वाचायचे. ज्याच्या डोक्यावर काहीच कोरलेलं नाही, असा बोल्ट जोखमीच्या जागी घालू नये.

आता अडचण अशी की हातातला पाना ताण मोजत नाही, तो मोजतो फिरवण्याचा जोर, ज्याला सगळे टॉर्क म्हणतात. या जोराचे शंभर रुपये धरले, तर साधारण पन्नास रुपये नटाच्या तळाच्या घर्षणात जातात, चाळीस आट्यांच्या घर्षणात, आणि बोल्ट ताणायच्या कामी येतात जेमतेम दहा. घर्षण थोडं बदललं की या दहाचे पंधरा होतात किंवा पाच. म्हणून कोरड्या आट्यांसाठी लिहिलेला टॉर्क ग्रीस लावलेल्या बोल्टाला दिला तर बोल्ट तुटू शकतो, आणि गंजक्या बोल्टाला दिला तर तो सैलच राहतो. पान्यावरचा आकडा मात्र दोन्ही वेळा सारखाच.

आट्यांची शिस्त येण्याआधी तर किती आवळायचं हा प्रश्न विचारायचीही सोय नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या प्रत्येक कारखान्याचे आटे आपापले असत. एका ठिकाणचा नट दुसऱ्या ठिकाणच्या बोल्टावर चढत नसे. हेन्री मॉडस्ली यांनी 1800 च्या आसपास अचूक आटे पाडणारं लेथ घडवलं. त्यांच्याच हाताखाली काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी ठिकठिकाणच्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांची मापं घेतली, सरासरी काढली आणि 1841 मध्ये लंडनच्या सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे एकच पद्धत मांडली. आट्यांचा कोन 55 अंश, माथे आणि तळ गोलसर. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी 1864 मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये वेगळी बाजू मांडली. 55 अंश मोजायला किचकट आणि गोलाई करायला कौशल्य लागतं, त्यापेक्षा 60 अंश आणि सपाट माथा घेतला तर साधा कामगारही तो आटा बिनचूक पाडेल. आजचे मेट्रिक आटेही 60 अंशांचेच आहेत. कामगाराच्या हाताचा असा विचार करून ठरवलेलं माप टिकलं, ही या इतिहासातली फार सुंदर गोष्ट आहे.

आटे न जुळण्याची किंमत बाल्टिमोर शहराने 1904 च्या फेब्रुवारीत मोजली. आग भडकली तेव्हा वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कहून बंब धावून आले. पण त्यांच्या होसपाइपांचे आटे बाल्टिमोरच्या हायड्रंटवर बसेनात. दीड हजारांहून जास्त इमारती जळाल्या. दुसऱ्या महायुद्धातही डेट्रॉइटच्या पॅकार्ड कंपनीने ब्रिटिश मर्लिन विमान-इंजिनं बांधायला घेतली, तेव्हा अमेरिकेत न मिळणाऱ्या ब्रिटिश आट्यांसाठी टॅप आणि डाय तिला स्वतःच करावे लागले. नोव्हेंबर 1948 मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने एका समान आट्यावर सह्या केल्या, त्यामागे हा अनुभव होता. भारत 1956 च्या कायद्याने मेट्रिककडे वळला, तरी जुन्या गॅरेजमध्ये इंचातला ‘तीन सुती बोल्ट’ आणि मिलिमीटरमधला ‘बारा-तेराचा पाना’ ही दोन्ही मापं अजून एकाच तोंडून ऐकू येतात.

पान्याच्या लांबीतही एक शहाणपण दडलेलं आहे. दहा-अकराचा पाना आखूड, बत्तीसचा लांब. लहान बोल्टाला माणसाच्या हातून फार जोर बसू नये म्हणून लांबी अशी बेतलेली असते. त्यात पाइप अडकवला की ते संरक्षण गेलं. आवळताना पाइप लावायची सवय आपल्याकडे फार आहे, आणि आटे गेलेल्या कित्येक इंजिनांचं मूळ तिच्यात आहे.

न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यातल्या कॉनराड बार यांनाही हाच त्रास होता. नळांच्या जोडांवरचे बोल्ट दुरुस्तीवाले वाजवीपेक्षा जास्त आवळून तोडत. त्यावर उपाय म्हणून 1918 च्या सुमारास त्यांनी टॉर्क रेंच तयार केला, त्याचं पेटंट 1937 मध्ये मिळालं. ठरलेला जोर झाला की ‘टक्’ करणारे आजचे रेंच त्याच घराण्यातले.

इम्पॅक्ट गनचा जन्म याच्या अगदी उलट गरजेतून झाला. 1930 च्या दशकात इंगरसोल रँड कंपनीने ती बाजारात आणली. तिच्यातली मोटर बोल्ट थेट फिरवत नाही. ती एक जड हातोडा गरगर फिरवते, आणि तो हातोडा सॉकेट धरलेल्या ऐरणीवर सेकंदाला कित्येक वेळा आदळतो. प्रत्येक ठोका प्रचंड पण क्षणभराचा असल्यामुळे त्याचा झटका हाताला फारसा जाणवत नाही. ट्रकचा जो गंजलेला नट दोन माणसं पान्यावर उभी राहिली तरी हलत नाही, तो या गनपुढे काही सेकंदांत निघतो. आता लिथियम बॅटरीवरच्या गनही हजार न्यूटन मीटरच्या वर जातात, आणि महामार्गावरच्या टायरवाल्याला कॉम्प्रेसरचीही गरज उरलेली नाही.

खोलायला ही गन अमोल आहे. आवळायला तिच्यावर भरवसा ठेवू नये. किती ठोके बसले, हवेचा दाब किती होता, आटे कोरडे होते की तेलकट, यावर शेवटचा ताण ठरतो आणि तो कोणालाच कळत नाही. चाकाचे नट हाताने चढवून, आडव्या-तिडव्या क्रमाने, टॉर्क रेंचने पुरे करायचे आणि शंभरेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासायचे, एवढी पद्धत प्रत्येक टायरच्या दुकानात यायलाच हवी.

मोटारींच्या कारखान्यांनी हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. तिथले विजेवरचे नटरनर प्रत्येक बोल्टाचा टॉर्क आणि फिरलेला कोन दोन्ही नोंदवतात. अशी हत्यारं करणाऱ्यांमध्ये स्वीडनची अ‍ॅटलस कॉप्को आघाडीवर आहे, दापोडीतल्या कारखान्यामुळे पुणेकरांना हे नाव चांगलं ओळखीचं. इंजिनाच्या हेडचे बोल्ट आधी थोड्या टॉर्कवर बसवतात आणि मग ठरावीक कोनातून, उदाहरणार्थ 90 अंश, फिरवतात. कारण कोन घर्षणाला भुलत नाही. दीड मिलिमीटर अंतराच्या आट्यांवर पाव फेरा म्हणजे पाऊण मिलिमीटरचा अर्धा भाग पुढे सरकणं, मग आटे तेलकट असोत की कोरडे. पुलांच्या बांधकामात रिबिटांची जागा ताणाच्या बोल्टांनी घेतली तेव्हाही हीच युक्ती कामी आली. 1943 मध्ये खुला झालेला हावडा पूल रिबिटांवर उभा आहे. अमेरिकेत 1951 मध्ये ताणाच्या बोल्टांचे पहिले नियम छापले गेले आणि तापवलेली रिबिटं चिमट्याने झेलणाऱ्या टोळ्या हळूहळू दिसेनाशा झाल्या.

साताऱ्याजवळ वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्या फिरतात. त्यांचे मनोरे लोखंडी नळकांड्यांचे, आणि ती नळकांडी एकमेकांवर बोल्टांच्या कड्यांनी बसवतात. 36 मिलिमीटरच्या 10.9 बोल्टाला 50 टनांहून जास्त ताण द्यावा लागतो, टॉर्कमध्ये अडीच-तीन हजार न्यूटन मीटर. तिथे हायड्रॉलिक रेंच लागतो. त्याहून चांगलं साधन म्हणजे हायड्रॉलिक टेन्शनर. तो बोल्टाचं टोक धरून त्याला सरळ वर ओढतो, मग नट बोटांनी खाली आणून बसवायचा आणि ओढ सोडायची. फिरवणंच नाही, म्हणून घर्षणाचा हिशेबही जवळपास संपला. ताण द्यायचा असेल तर ताणच द्या, इतकं सरळ तत्त्व आहे ते.

मग बोल्ट सैल का होतात? हादऱ्यांनी, असं सगळे म्हणतात. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 मध्ये एक यंत्र करून दाखवलं की बोल्टाच्या लांबीच्या दिशेचे हादरे फारसं बिघडवत नाहीत. खरा घात करतात आडवे धक्के. जोडलेले तुकडे एकमेकांवर आडवे सरकू लागले की आट्यांतलं घर्षण क्षणभर नाहीसं होतं आणि ताणलेला नट स्वतःच उतारावरून मागे फिरतो. ताण पुरेसा असेल तर तुकडे सरकतच नाहीत. आपल्याकडे प्रत्येक नटाखाली श्रद्धेने घातला जाणारा स्प्रिंग वायसर इथे उपयोगी पडत नाही. नासाच्या फास्टनरविषयक पुस्तिकेतही स्पष्ट लिहिलं आहे की पुरा आवळल्यावर हा वायसर सपाट होतो आणि त्याची धरून ठेवण्याची शक्ती उरत नाही. नायलॉनच्या कड्याचे नट, आटे चिकटवणारं लॉकटाइट किंवा पाचरीच्या तत्त्वावरचे जपानी हार्डलॉक नट यांना तरी काही अर्थ आहे.

रेल्वे हे रक्त सांडून शिकली. 10 मे 2002 रोजी लंडनच्या उत्तरेला पॉटर्स बार इथे सांध्याच्या दांड्यांवरचे नट ढिले झाले आणि धावत्या गाडीखाली सांधा सरकला. सात माणसं गेली. 12 जुलै 2013 रोजी पॅरिसजवळ ब्रेतिन्यीला रूळ जोडणाऱ्या एका पट्टीचे, म्हणजे फिशप्लेटचे, बोल्ट सुटले, पट्टी फिरली आणि गाडी घसरली. तिथेही सातच. आपल्याकडे रोज पाना आणि हातोडा खांद्यावर टाकून आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासणारा कीमन हा जगातला फार मोलाचा माणूस आहे, आणि त्याचं नाव क्वचितच कोणी घेतं.

चुकीचा बोल्ट हा आणखी वेगळा धोका. 10 जून 1990 रोजी ब्रिटिश एअरवेजचं विमान बर्मिंगहॅमहून मालागाला निघालं. 17,300 फुटांवर वैमानिकाच्या समोरची काच उडाली आणि तो अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने साउदॅम्प्टनला विमान उतरवलं, आणि तो वाचला. ती काच 27 तासांपूर्वीच बदलली होती. तिच्या 90 बोल्टांपैकी 84 जाडीने 0.026 इंच कमी होते, उरलेले सहा लांबीने आखूड. जुना बोल्ट हातात घेऊन नव्याशी डोळ्यांनी जुळवला होता. आवळताना ठरलेल्या जोरावर सुटणारा स्क्रूड्रायव्हर वापरूनही चूक लक्षात आली नाही. टॉर्कचा आकडा पकडीबद्दल किती कमी सांगतो, याचा याहून कठोर पुरावा नाही.

आणि कधी कधी बोल्टही बरोबर, ताणही बरोबर, तरी तो तुटतो. सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड बे ब्रिजच्या नव्या भागात मार्च 2013 मध्ये 96 अँकर रॉड ताणले आणि त्यातले 32 काही दिवसांत तुटले. अतिशय कडक पोलादात हायड्रोजन शिरला होता. कडकपणा जितका जास्त तितकं चांगलं, या समजुतीला पोलाद असं उत्तर देतं.

खोलणं ही आवळण्याहून धीराची कला. गंजलेल्या नटावर रॉकेल किंवा भेदक तेल सोडून रात्रभर थांबायचं, हातोड्याने चारही बाजूंनी ठोकायचं, नाहीतर नट गॅसच्या ज्योतीने तापवायचा, म्हणजे तो बोल्टापेक्षा जास्त फुगतो आणि गंजाचा थर फुटतो. आधी किंचित आवळून मग उलटं फिरवलं तरी अनेकदा सुटतो. डोकं मोडलंच तर मधोमध भोक पाडून डाव्या आट्यांची इझी आउट. स्टेनलेसच्या बोल्टावर स्टेनलेसचा नट गनने वेगात चढवला तर दोन्ही एकमेकांत रुतून बसतात आणि मग कापण्यावाचून गत नसते. सायकलच्या डाव्या पेडलचे आटे डावे असतात, हे विसरून उलट्या बाजूने जोर लावणारे शेकडो आहेत.

खोलण्याची हीच कसोटी अंतराळातही लागली. 17 मे 2009 रोजी अंतराळवीर माईक मॅसिमिनो हबल दुर्बिणीच्या स्टिस उपकरणाची दुरुस्ती करत होते. आत जायला 111 बारीक स्क्रू काढायचे होते. त्याआधी एक हँडरेल खोलायचं होतं आणि त्याच्याच एका बोल्टाचं डोकं घसरलं. जमिनीवरच्या अभियंत्यांनी तसंच दुसरं हँडरेल ओढून पाहिलं, किती ओढीला ते तुटतं हे मोजलं आणि वर कळवलं. मॅसिमिनोंनी हाताने ते उखडून काढलं, मग झाकणावर बसवलेल्या पेटीत 111 स्क्रू एकेक करून अडकवत बाहेर घेतले आणि जळालेलं विजेचं कार्ड बदललं. स्टिस पुन्हा सुरू झालं.