परमेसान शाकाहारी असते का? युरोपीय चीजच्या नावांमागचे नियम

दुबई-अबुधाबीतील मोठ्या दुकानांत चीजच्या काउंटरवर इटली, फ्रान्स, स्पेन आणि ग्रीस शेजारी शेजारी मांडलेले असतात. पास्त्यावर किसून घालायचे ‘परमेसान’ येथील अनेक मराठी घरांत नित्याचे झाले आहे. श्रावण पाळणारी घरेही ते निःशंकपणे वापरतात, कारण दुधाचा पदार्थ शाकाहारीच असणार, अशी आपली समजूत असते. पनीरच्या बाबतीत ती खरी आहे. या चीजच्या बाबतीत नाही.

पनीरसाठी तापलेल्या दुधात लिंबू पिळले की आम्लाने ते फाटते. युरोपातील बहुतेक जुन्या चीजसाठी दूध साकळवले जाते ते रेनेटने. पारंपरिक रेनेट म्हणजे दूध पित्या वासराच्या चौथ्या जठरातून काढलेला पाचक द्रव. तो मिळवायचा तर वासराचा जीव जातोच. लिंबाने फाटलेले पनीर ताजेच खावे लागते. रेनेटने बांधलेला घट्ट गोळा महिनोन्महिने मुरू शकतो आणि चीजची खरी चव या मुरण्यातच तयार होते.

कोकणच्या हापूसला जसे भौगोलिक मानांकन आहे, तसे युरोपीय संघात चीजच्या नावांना संरक्षण आहे. मात्र तेथील नियम गावाच्या नावापाशी थांबत नाहीत; दूध कोणत्या जनावराचे, ते साकळवायचे कशाने, किती काळ मुरवायचे, हे सारे त्यात लिहिलेले असते. पार्मिजानो रेज्जानो हे पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना आणि बोलोन्या व मांतुआ या प्रांतांचा काही भाग एवढ्यातच बनते. त्यात फक्त दूध, मीठ आणि वासराचे रेनेट चालते. सुमारे 40 किलोच्या एका चाकासाठी 500 लिटरहून अधिक दूध लागते आणि ते किमान 12 महिने मुरवावे लागते. जुन्या चीजमध्ये दाताखाली येणारे कुरकुरीत कण मिठाचे नसतात. प्रथिने विघटित होऊन तयार झालेले ते स्फटिक असतात. तेव्हा अस्सल पार्मिजानो शाकाहारी असूच शकत नाही. त्याचे स्वस्त भावंड ग्राना पादानो हेही वासराच्या रेनेटचेच, शिवाय त्याच्या बऱ्याच पाकिटांवर अंड्यापासून मिळणाऱ्या लायसोझाइमची नोंद असते. उलट, युरोपबाहेर बनलेले नुसते ‘परमेसान’ शाकाहारी असू शकते. येथे नक्कल सोवळी आणि अस्सल ओवळे, असा उलटा न्याय आहे!

फ्रान्सच्या रॉकफोरची गोष्ट बुरशीची. मेंढीच्या दुधाचे हे चीज रॉकफोर-सुर-सुलझों या गावी, कोंबालू डोंगराच्या गार, दमट गुहांत मुरते. त्यातील निळ्या-हिरव्या शिरा पेनिसिलियम रॉकफोर्टी या बुरशीच्या. पहिला घास खारट आणि तिखटसर लागतो, मागाहून मेंढीच्या दुधाचा गोडवा येतो. या नावाला फ्रान्सने 1925 सालीच कायद्याचे संरक्षण दिले.

आखातातील ग्राहकांशी थेट संबंध आला तो फेटाचा. 2002 मध्ये हे नाव ग्रीसला मिळाले. नियमानुसार त्यात किमान 70 टक्के मेंढीचे आणि उरलेले बकरीचे दूध हवे. डेन्मार्कमधील डेअऱ्या मात्र युरोपीय संघाबाहेर पाठवायच्या पांढऱ्या चीजवर ‘फेटा’ लिहीत राहिल्या. जुलै 2022 मध्ये युरोपीय न्यायालयाने निर्यातीच्या मालावरही हे नाव चालणार नाही, असा निर्णय दिला. गाईच्या दुधाचे पांढरे चीज सौम्य आणि लोण्यासारखे लागते. ग्रीक फेटा आंबट, भुसभुशीत आणि किंचित उग्र. चवीत वाईट कोणतेच नाही, पण ती दोन वेगळी चीजे आहेत.

मग शाकाहारी ग्राहकाने काय पाहावे? भारतीय पाकिटावरचा हिरवा ठिपका युरोपातून आलेल्या मालावर नसतो. घटकांच्या यादीत ‘मायक्रोबियल’ किंवा ‘व्हेजिटेबल’ रेनेट लिहिले असेल तर शंका नको. अमूलच्या चीजमध्येही सूक्ष्मजीवांपासूनचेच रेनेट असते. नुसते ‘रेनेट’ असेल तर ते जनावराचे समजून चालावे. अरबी मजकुरात त्यासाठी ‘मिनफहा’ हा शब्द येतो. हलालचा शिक्का येथे उत्तर देत नाही, कारण हलाल पद्धतीने कापलेल्या वासराचे रेनेटही हलाल ठरते. स्पेनच्या मांचेगोच्या नियमांत दोन्हींना वाव आहे, म्हणून तेथे प्रत्येक पाकीट वाचणे भाग आहे.

जुने, नामांकित आणि तरीही शाकाहारी चीज हवे असेल तर पोर्तुगालकडे वळावे. पाव आणि बटाटा हे शब्द मराठीला देणाऱ्या या देशात सेरा दा एश्त्रेला आणि अझैताव ही मेंढीच्या दुधाची चीजे जंगली आटिचोकाच्या जातीच्या एका काटेरी झाडाच्या जांभळ्या फुलांनी साकळवतात, आणि तसा नियमच आहे. या फुलांमुळे चीजला किंचित कडवट छटा येते आणि आतला गर खिरीसारखा मऊ होतो. खाण्यापूर्वी तासभर ते फ्रिजबाहेर ठेवावे, वरची चकती झाकणासारखी कापून काढावी आणि गर चमच्याने पावावर घ्यावा.