सेंद्रिय गहू आणि अ‍ॅक्रिलामाइड : आधी प्रश्न नीट मांडा



मागच्या सुट्टीत चांदवडला गेलो तेव्हा काकांनी विचारलं, "आपला गहू सेंद्रिय, मग बिस्किटातलं ते अ‍ॅक्रिलामाइड यात नसणारच ना रे?" मला पटकन 'हो' म्हणता आलं नाही. का, ते सांगतो.

अ‍ॅक्रिलामाइड दाण्यात नसतं, ते भाजताना तयार होतं. साधारण 120 अंश सेल्सिअसच्या वर दाण्यातलं मुक्त अ‍ॅस्परजिन (हे एक अमिनो आम्ल) आणि ग्लुकोजसारख्या साखरा यांची अभिक्रिया होते. खमंग रंग-वास त्यातूनच येतो, आणि सोबत हेही. 1994 पासून ते 'बहुधा कर्करोगकारक' गटात आहे.

ते अन्नात असतं, हे 2002 मध्ये स्वीडनमधून कळलं. तिथे एका बोगद्याच्या कामात अ‍ॅक्रिलामाइडची गळती झाली, म्हणून कामगारांचं रक्त तपासलं. पण तुलनेसाठी घेतलेल्या, बोगद्याशी संबंध नसलेल्या लोकांच्या रक्तातही त्याच्या खुणा निघाल्या! कंट्रोल गटाकडे दुर्लक्ष केलं असतं तर शोध तिथेच संपला असता.

आता गव्हाकडे येऊ. सेंद्रिय शेतात नत्र हळूहळू मिळतं, त्यामुळे मुक्त अ‍ॅस्परजिन कमी राहू शकतं. पण जमिनीत गंधक कमी पडलं तर गणित उलटतं. गंधकाशिवाय काही प्रथिनं नीट बनत नाहीत, मग रोप शिल्लक नत्र अ‍ॅस्परजिनच्या रूपात साठवतं. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या प्रयोगांत गंधकाची तीव्र कमतरता असताना ते 30 पटींपर्यंत वाढलेलं दिसलं.

आपल्याकडे कांदा जमिनीतलं गंधक भरपूर उचलतो. त्याच रानात मागाहून गहू घेतला आणि गंधक भरून काढलं नाही तर? हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे. उपायही अवघड नाही: माती तपासायची, गरज असेल तर नैसर्गिक जिप्सम टाकायचं. सेंद्रिय शेतीत ते चालतं. पुढे बेकरीत यीस्टने पीठ नीट आंबवलं तर यीस्ट अ‍ॅस्परजिन खातं, आणि पाव-टोस्ट करपवायचा नाही, सोनेरी झाला की थांबायचं.

म्हणून सिनॉप्सिसमध्ये 'सेंद्रिय विरुद्ध रासायनिक' एवढंच लिहू नका. वाण एकच ठेवा, मातीतलं नत्र-गंधक मोजा, दाण्यातलं मुक्त अ‍ॅस्परजिन मोजा, आणि सगळं पीठ एकाच तापमानाला, तेवढाच वेळ भाजा. नाहीतर फरक दिसेल, पण कशामुळे ते सांगता येणार नाही.

काकांना मी एवढंच म्हटलं, "काका, आधी माती तपासून घेऊ."